एटा जेम्स यांचा ब्लूज अल्बम : श्रवणसत्राच्या प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

जानेवारीच्या श्रवणसत्राचा विषय आज मंडळाच्या बैठकीत निश्चित झाला. अमेरिकी गायिका एटा जेम्स यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला 'ब्लूज टू द बोन' हा अल्बम केंद्रस्थानी ठेवून दीड तासाचे सत्र तयार करायचे आहे. ब्लूज म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या गाण्यातून आलेला संगीतप्रकार. गाणी मूळ ध्वनिमुद्रणांतून ऐकवायची आणि निवेदन मराठीत करायचे. आपल्याकडे नियमित येणारे श्रोते बहुतांशी ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी चित्रपटगीते ऐकणारे आहेत. त्यांपैकी काहींनी २०११ साली मुंबईच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात बडी गाय यांना प्रत्यक्ष ऐकले आहे. बडी गाय १९६० च्या दशकात शिकागोच्या चेस या तबकड्या काढणाऱ्या कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत गिटार वाजवत असत आणि त्याच काळात एटा जेम्स त्याच कंपनीच्या गायिका होत्या. सत्राकडे येण्याची एक वाट श्रोत्यांजवळ आधीपासूनच आहे, असे मी धरून चालतो.

हा अल्बम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. त्यात बारा गाणी आहेत, आणि ती जवळजवळ सगळी मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, जिमी रीड, जॉन ली हूकर, एल्मोर जेम्स अशा पुरुष गायकांच्या नावाने ओळखली जातात. २००५ साली त्याला पारंपरिक ब्लूजच्या विभागात ग्रॅमी पुरस्कार मिळाला. एका ज्येष्ठ सोल गायिकेने कारकिर्दीच्या उत्तरार्धात ब्लूजच्या थोरांना केलेले वंदन, अशी या अल्बमची ओळख करून देणे सोपे आहे आणि ऐकायलाही बरे वाटते. मला मात्र ती ओळख अपुरी वाटते. वंदन बाहेरून येणाऱ्याने करायचे असते, आणि एटा जेम्स या संगीताच्या बाहेर कधीच नव्हत्या. सत्राची उभारणी या म्हणण्यावर करायची असेल तर ते गाण्यांतूनच दाखवता आले पाहिजे.

९ नोव्हेंबर २०२४

निवेदनासाठी चरित्राचा आराखडा तयार केला. जन्म २५ जानेवारी १९३८, लॉस एंजेलिस. मूळ नाव जेमसेटा हॉकिन्स. आई जेमतेम चौदा वर्षांची होती, त्यामुळे बालपण बरेचसे इतरांच्या घरी गेले. पाचव्या वर्षापासून त्या तेथील सेंट पॉल बॅप्टिस्ट चर्चच्या गायनवृंदात गाऊ लागल्या. वृंदाचे प्रमुख जेम्स अर्ल हाइन्स हे कठोर शिक्षक होते. आवाज पोटातून यावा म्हणून गाताना ते मुलीच्या छातीवर ठोसे मारत असत. १९५० मध्ये मुलगी आईकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेली, दोन मैत्रिणींबरोबर तिने गायनाचा चमू केला, आणि वाद्यमेळाचे प्रमुख जॉनी ओटिस यांनी तिला हेरून जेमसेटा या नावाची फोड उलटी केली, ती एटा जेम्स.

१९६० साली चेस कंपनीशी करार झाल्यावर कंपनीचे प्रमुख लेनर्ड चेस यांच्या लक्षात आले की हा आवाज केवळ कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेत अडकून पडणारा नाही. म्हणून रायली हॅम्प्टन यांच्याकडून व्हायोलिनच्या ताफ्यासह संथ प्रेमगीतांची संगीतयोजना करून घेतली गेली आणि 'ॲट लास्ट' त्यातूनच आले. हे गाणे मला मनापासून आवडते आणि त्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या कंपनीत मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ आणि सनी बॉय विल्यमसन गिटार, हार्मोनिका आणि ड्रमच्या छोट्या संचासह ब्लूज मुद्रित करत होते, तेथेच या गायिकेला व्हायोलिनच्या मखरात बसवले गेले, ही गोष्ट अल्बम समजून घेताना नजरेआड करता येणार नाही. शिकागोच्या साउथ मिशिगन ॲव्हेन्यूवरील २१२० क्रमांकाच्या इमारतीत हे दोन्ही प्रकार एकाच छताखाली घडत होते. त्यामुळे २००४ च्या गाण्यांकडे पाहताना मला पाहुणी दिसत नाही. शेजारच्या खोलीत चाललेले गाणे तरुणपणी ऐकलेली, आणि आपल्या अटींवर ते गाण्याची संधी उशिरा मिळालेली गायिका दिसते.

१९६७ मध्ये अलाबामातील मसल शोल्सच्या फेम स्टुडिओत रिक हॉल यांच्या देखरेखीखाली 'टेल मामा' मुद्रित झाले आणि सोल गायिका ही त्यांची ओळख पक्की झाली. सत्रात ते गाणे एकदा, पूर्ण ऐकवायचे, म्हणजे चर्चमधले गायन आणि ऱ्हिदम अँड ब्लूज (ब्लूजवर आधारलेले, ठेक्यावर भर देणारे लोकप्रिय संगीत) यांच्या मिश्रणातून सोल कसे घडले हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

१६ नोव्हेंबर २०२४

आजचा सगळा वेळ एकाच प्रश्नावर गेला. ही गाणी पुरुषांची आहेत असे आपण म्हणतो, ते कितपत खरे आहे?

ब्लूज तबकड्यांवर आला तो स्त्रियांच्या आवाजात. १० ऑगस्ट १९२० रोजी न्यू यॉर्कमध्ये मेमी स्मिथ यांनी 'क्रेझी ब्लूज' मुद्रित केले आणि त्याच्या खपामुळे कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र तबकड्या काढणे फायद्याचे आहे हे कंपन्यांना कळले. १९२३ मध्ये मा रेनी आणि बेसी स्मिथ यांच्या तबकड्या सुरू झाल्या. बेसी स्मिथ यांचे त्या वर्षीचे 'डाउनहार्टेड ब्लूज' अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोन स्त्रियांनी रचलेले होते. त्यानंतर १९२९ ची मंदी आली, तबकड्यांचा बाजार कोसळला आणि त्या गायिकांचा काळ ओसरला. पुढे मिसिसिपीतून शिकागोत आलेल्या कामगारवर्गाबरोबर गिटार आणि हार्मोनिका आली, दुसऱ्या महायुद्धानंतर तिला विजेची जोड मिळाली, आणि आज जगभर ब्लूज म्हणून जे ऐकले जाते त्याचा चेहरा पुरुषी झाला. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या तरुण गिटारवादकांनी हीच गाणी उचलली, तेव्हा तो चेहरा आणखी ठळक झाला. हाउलिन वुल्फ यांनी १९६१ मध्ये गायलेले गीतकार विली डिक्सन यांचे 'लिटल रेड रूस्टर' १९६४ अखेरीस रोलिंग स्टोन्सच्या आवाजात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होते.

सर्वांत महत्त्वाचा दुवा 'गॉट माय मोजो वर्किंग' या गाण्याचा आहे. मडी वॉटर्स यांचे नाव घेतले की हे गाणे आठवते, इतके ते त्यांच्याशी एकरूप झाले आहे. पण प्रेस्टन फॉस्टर यांनी लिहिलेले हे गाणे आधी ॲन कोल या गायिका गात होत्या. १९५६ मध्ये त्यांच्या दौऱ्यात मडी वॉटर्स आणि त्यांचा वाद्यमेळ साथीला होता. गाणे त्यांनी तेथे ऐकले, शब्दांत फेरफार करून स्वतः मुद्रित केले, आणि १९५७ मध्ये दोन्ही तबकड्या बाजारात आल्या. हेच गाणे जेव्हा एटा जेम्स २००४ मध्ये गातात, तेव्हा पुरुषाचे गाणे स्त्रीने घेतले असे म्हणणे निखालस चुकीचे ठरते. ॲन कोल यांचे ध्वनिमुद्रण मिळवून तिन्ही एकापाठोपाठ एक, मध्ये निवेदनाचा एकही शब्द न घालता ऐकवायचे ठरवले.

निष्पक्षपणासाठी कोको टेलर यांचाही उल्लेख करायला हवा. विली डिक्सन यांनी त्यांच्याकडून १९६५ मध्ये चेससाठी 'वँग डँग डूडल' गाऊन घेतले आणि ते गाजले. म्हणजे चेसच्या दारात ब्लूज गाणाऱ्या स्त्रीला मज्जाव होता असे सरसकट विधान करता येणार नाही.

१९ नोव्हेंबर २०२४

ध्वनिमुद्रणे जाहीर कार्यक्रमात ऐकवण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे काम मंडळाच्या चिटणीसांनी हाती घेतले. सभागृह संध्याकाळी साडेपाच ते आठ या वेळेत मिळाले आहे.

३० नोव्हेंबर २०२४

प्रात्यक्षिकाची तालीम झाली. श्रोत्यांना बारा आवर्तनांची ब्लूजची चौकट पाच-सात मिनिटांत, आपल्या ओळखीच्या वाद्यांवर दाखवायची आहे. म्हणून मंडळातील ज्येष्ठ तबलावादक काका आणि त्यांच्याकडे येणारी ख्याल शिकणारी एक विद्यार्थिनी असे दोघे आले होते.

चौकट सरळ आहे. चार मात्रांचे एक आवर्तन धरले तर पहिली चार आवर्तने षड्जाच्या स्वरसमूहावर, पुढची दोन मध्यमाच्या, दोन पुन्हा षड्जाच्या, मग एक पंचमाच्या, एक मध्यमाच्या आणि शेवटची दोन षड्जाच्या स्वरसमूहावर. एकूण ४८ मात्रा. शब्दांची मांडणीही बहुधा तीन ओळींची असते. पहिली ओळ तशीच पुन्हा येते आणि तिसरी तिला उत्तर देते; प्रत्येक ओळ साधारण अर्ध्या जागेत संपते आणि उरलेल्या जागेत वाद्य बोलते. मी बोटांवर मोजून दाखवत होतो, तेव्हा काका म्हणाले, "अहो, मोजू नका, तिला गाऊ द्या, पंचम आला की आपोआप कळतं परतायचं आहे ते." सत्रातही तसेच करणार आहोत.

ठेक्याबद्दल त्यांनी केलेली सूचना मी निवेदनात घेत आहे. ज्याला शफल म्हणतात त्यात प्रत्येक मात्रेचे तीन भाग असतात आणि मधला भाग रिकामा राहतो. तिस्र जाती म्हटले की आपल्या श्रोत्यांना ते तत्काळ उमगेल. काकांनी तबल्यावर ते वाजवले तेव्हा विद्यार्थिनीची मान लगेच डोलू लागली.

स्वरांच्या बाबतीत हार्मोनियम मुद्दामच वापरायची आहे, कारण तिच्यावर जे करता येत नाही तेच दाखवायचे आहे. ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी, कधी एकाकडे तर कधी दुसऱ्याकडे झुकत लागतो. निषादाचेही बरेचसे तसेच आहे. पियानोवादक दोन पट्ट्या एकदम दाबून त्या जागेचा आभास निर्माण करतात, गिटारवादक तार खेचून किंवा काचेची नळी तारेवरून सरकवून तेथे पोहोचतात, आणि गळ्याला तर ती जागा सहज सापडते. मींड अंगवळणी पडलेल्या विद्यार्थिनीने दुसऱ्याच प्रयत्नात ती अचूक धरली. फक्त स्वर लांबवून तेथे विसावण्याची तिची सवय येथे चालणार नाही, कारण एटा जेम्स त्या जागेवर फार थांबत नाहीत, तिला स्पर्श करून पुढे जातात.

१२ डिसेंबर २०२४

जिमी रीड यांच्या गाण्यांची जोडी आज पक्की झाली, आणि मला वाटते सत्राचा कणा तीच होईल.

सप्टेंबर १९६३ मध्ये नॅशव्हिलच्या न्यू एरा क्लबमध्ये एटा जेम्स यांचा कार्यक्रम श्रोत्यांसमोर मुद्रित झाला. त्यात त्या जिमी रीड यांचे एक गाणे गातात आणि मध्येच स्वतःच्या गळ्यातून हार्मोनिकाचा आवाज काढतात. जिमी रीड गळ्यात अडकवलेल्या चौकटीवर हार्मोनिका लावून गिटारबरोबर वाजवत. येथे ते वाद्य नाही, म्हणून गायिकेने ते आवाजाने भरून काढले. पंचवीस वर्षांची ही गायिका त्या वेळी कंपनीच्या तबकड्यांवर व्हायोलिनबरोबर प्रेमगीते गात होती, पण क्लबमध्ये, लोकांच्या आरोळ्यांमध्ये, ती कोणते संगीत गात होती याचा हा सज्जड पुरावा आहे. २००४ च्या अल्बममध्ये त्यांनी पुन्हा जिमी रीड यांचेच 'हश हश' घेतले. दोहोंमध्ये ४१ वर्षांचे अंतर आहे. पहिल्यात आवाज पुढे झेपावतो आणि ठेक्याला ओढत नेतो. दुसऱ्यात तो ठेक्याच्या किंचित मागे राहतो, शब्द उशिरा टाकतो आणि वाद्यमेळाला वाट पाहायला लावतो. लयीवरचा इतका निवांत ताबा मी फार थोड्या गायकांत ऐकला आहे.

त्या वाद्यमेळाबद्दल दोन वाक्ये निवेदनात हवीत. बास आणि ड्रम वाजवणारे समेटो आणि डोंटो हे त्यांचे दोघे मुलगे. गिटारवादक जॉश स्क्लेअर अनेक वर्षांचे साथीदार. आणि निर्मितीची जबाबदारीही घरच्या याच मंडळींनी सांभाळली. १९६० साली संगीतयोजना दुसऱ्यांनी ठरवली होती. आता साथीला कोण, गती कोणती आणि गाणी कोणती, हे सगळे घरात ठरत होते. व्हायोलिन कोठेही नाहीत.

२१ डिसेंबर २०२४

हाउलिन वुल्फ यांच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिन'ची दोन्ही ध्वनिमुद्रणे आज बारकाईने ऐकली. १९५६ चे मूळ गाणे बारा आवर्तनांच्या चौकटीत नाही. ते आरंभापासून अखेरपर्यंत एकाच स्वरसमूहावर उभे राहते, ह्यूबर्ट सम्लिन आणि विली जॉन्सन यांच्या गिटारची एकच आकृती फिरत राहते, आणि गायक तिच्यावर हवा तेव्हा येतो, हवा तेव्हा बाजूला होतो. तानपुऱ्यावर वाढलेल्या श्रोत्यांना हे गाणे बारा आवर्तनांच्या गाण्यांपेक्षाही लवकर जवळचे वाटेल, म्हणून प्रात्यक्षिकानंतर लगेच ते ठेवले आहे.

या गाण्याची खूण म्हणजे वुल्फ यांचा हुंकार. सहा फुटांहून उंच, प्रचंड देहाचा हा गायक खर्जातून एकदम उसळी घेऊन कृत्रिम तारस्वरात जातो, म्हणजे पुरुषाचा आवाज स्त्रीच्या पट्टीत चढतो. ६६ वर्षांच्या एटा जेम्स यांचा आवाज मुळातच खोल, वयाने आणखी जड आणि खरखरीत झालेला. तो खाली, पुरुषांच्या प्रदेशात उतरतो. वुल्फ यांची नक्कल करण्याचा मोह त्यांनी टाळला आहे आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो.

'लिटल रेड रूस्टर' आणि 'क्रॉलिन किंग स्नेक' या दोन गाण्यांत कोंबडा आणि सर्पराज ही उघडउघड पुरुषी घमेंडीची रूपे आहेत. आपल्या शाहिरांनी लावणीत स्त्रीचे मन पुरुषाच्या लेखणीतून मांडले आणि ते आपण पिढ्यान्‌पिढ्या स्वाभाविक मानत आलो; येथे उलट दिशेने, पुरुषाची फुशारकी स्त्रीच्या मुखातून येते. ऐकताना ती विडंबन वाटत नाही, कारण गाणारीच्या आवाजात तेवढे वजन आहे. वेळेअभावी यातले एकच ठेवता येईल. 'लिटल रेड रूस्टर' ठेवले.

एल्मोर जेम्स यांच्या 'द स्काय इज क्राइंग'ची जोडीही घेतली आहे. शिकागोतल्या मुसळधार पावसात हे गाणे सुचल्याचे सांगितले जाते. मूळ ध्वनिमुद्रणात तारेवरून नळी सरकवून वाजवलेली गिटार गळ्याइतकीच रडते. संथ लय, आणि प्रत्येक ओळीनंतर गिटारचे उत्तर. प्रात्यक्षिकात समजावलेली रचना येथे सर्वांत स्पष्टपणे ऐकू येते.

२८ डिसेंबर २०२४

ध्वनीच्या पातळीचे काम. १९५० च्या दशकातील एकवाहिनी (मोनो) ध्वनिमुद्रणे आणि २००४ ची तबकडी एकापाठोपाठ वाजवली की नवीन गाणे बरेच मोठ्याने ऐकू येते, आणि मोठ्याने वाजणारे गाणे माणसाला आपोआप अधिक चांगले वाटते. तुलना करायची असेल तर हा पक्षपात आधी दूर केला पाहिजे. म्हणून जुन्याला न वाढवता नव्याची पातळी खाली आणली आणि प्रत्येक जोडी सभागृहातल्याच स्पीकरवर कानाने तपासली. जुन्या तबकड्यांतील खरखर काढून टाकण्याचा पर्याय होता, पण ती गाळताना हार्मोनिकाची धारही बोथट होते. खरखर तशीच राहू दिली.

५ जानेवारी २०२५

त्यांच्या आयुष्यातील व्यसन, अटक आणि उपचार यांविषयी किती सांगावे, यावर मंडळात बराच विचार झाला. हेरॉइनच्या व्यसनात त्यांची अनेक वर्षे गेली आणि १९८८ मध्ये बेटी फोर्ड केंद्रातील उपचारांनंतर त्या सावरल्या. हे एका वाक्यात, लपवाछपवी न करता सांगायचे. पण ब्लूज गाणाऱ्या प्रत्येकाच्या गाण्याचा उगम त्याच्या दुःखात शोधण्याची जी सवय सर्वत्र दिसते, ती या सत्रात येऊ द्यायची नाही, असा माझा आग्रह राहिला आणि तो मान्य झाला. दुःख पुष्कळांच्या वाट्याला येते. ठेक्याच्या मागे राहून नेमक्या क्षणी शब्द टाकणे ही विद्या आहे आणि ती पन्नास वर्षांच्या गाण्यातून आली आहे. लहानपणच्या शिक्षकाच्या ठोशांचा उल्लेख ठेवतो, मात्र तो थोर आवाजाची किंमत म्हणून नव्हे, एका लहान मुलीवर झालेला अन्याय म्हणून.

११ जानेवारी २०२५

क्रम निश्चित झाला. आरंभ कशाने करावा याचा निर्णय अखेरपर्यंत अडला होता. तो १९५५ च्या 'द वॉलफ्लॉवर'वर स्थिरावला. हे एटा जेम्स यांचे पहिले गाजलेले गाणे, आणि ते हँक बॅलर्ड यांच्या एका गाजलेल्या गाण्याला दिलेले उत्तर आहे. पुरुषाने गाण्यातून बोलावले आणि किशोरवयीन मुलीने गाण्यातूनच आपल्या अटी सांगितल्या. ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेले. पण त्याच वर्षी शब्द सौम्य करून आणि शीर्षक बदलून जॉर्जिया गिब्स या श्वेतवर्णीय गायिकेने ते गायले आणि सर्वसाधारण बाजारपेठेतील पहिला क्रमांक त्या आवृत्तीला मिळाला. आपले गाणे दुसऱ्याच्या नावावर मोठे होताना पाहण्याचा अनुभव या गायिकेला सतराव्या वर्षी आला. ॲन कोल यांच्या गाण्याचेही पुढे तसेच झाले, म्हणून 'द वॉलफ्लॉवर'नंतर लगेच 'मोजो'ची तीन ध्वनिमुद्रणे ठेवली आहेत. तेथून 'ॲट लास्ट', 'टेल मामा', प्रात्यक्षिक, आणि मग वुल्फ, एल्मोर जेम्स, 'रूस्टर', व शेवटी जिमी रीड.

१९ जानेवारी २०२५

काल सत्र झाले. सभागृह भरले होते आणि वेळ दहा मिनिटांनी वाढली.

'मोजो'ची तीन ध्वनिमुद्रणे ऐकवल्यावर मूळ आवृत्ती कोणती असेल, हे सांगण्याआधी श्रोत्यांना विचारले. बहुतेकांनी मडी वॉटर्स यांच्या आवृत्तीकडे बोट दाखवले. ॲन कोल यांचे नाव सांगितल्यावर ते ध्वनिमुद्रण पुन्हा लावण्याची मागणी झाली आणि ती आनंदाने पूर्ण केली. वाढलेली दहा मिनिटे बरीचशी तेथे आणि प्रात्यक्षिकात गेली.

प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ बाईंनी विचारले की आवाजाची चढण्याची ताकद कमी झालेली असताना गायिकेने एवढी जोरकस गाणी का निवडली असावीत. मी उत्तरादाखल १९६३ आणि २००४ ची जिमी रीड यांची दोन्ही गाणी पहिल्या कडव्यापर्यंत पुन्हा लावली. त्या म्हणाल्या, "म्हणजे आता वर जायचंच नाहीये, आत जायचं आहे," आणि मी त्यात काही भर घातली नाही.

एप्रिलच्या सत्रासाठी कोको टेलर यांचे नाव सुचवले गेले आहे. त्यांची चेससाठीची १९६० च्या दशकातील ध्वनिमुद्रणे कोणाकडे चांगल्या अवस्थेत आहेत याची चौकशी सुरू केली असून, प्रात्यक्षिकासाठी काकांनी आणि त्या विद्यार्थिनीने पुन्हा येण्याचे मान्य केले आहे.